एका मतासाठी सदतीस वर्षे

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायची म्हटली, की पहिला लेख बाबासाहेबांवर असतो. तो असायलाच हवा. परंतु त्यांच्या चरित्रातले तेच ते प्रसंग दरवर्षी छापून आमच्या तरुण मुलामुलींच्या हाती काय पडते, असा विचार आम्ही या वेळी केला. जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे, वडील सुभेदार रामजी सकपाळ, मूळ गाव आंबडवे, शाळा साताऱ्याची आणि मुंबईची, पुढे कोलंबिया आणि लंडन. एवढे तर विहारात येणाऱ्या चौथीच्या पोरालाही पाठ असते. म्हणून आम्ही या थोर जीवनातला एकच धागा धरला आहे. तो धागा म्हणजे मताचा अधिकार.

असे का? तर चित्र डोळ्यांसमोर आहे. जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळणारी पोरं मोजता मोजत नाहीत. त्याच वस्तीत ग्रामसभा असो की वॉर्डाची सभा असो, खुर्चीवर चार म्हातारी माणसं तेवढी दिसतात. मतदानाच्या दिवशी यादीत नाव सापडत नाही म्हणून परत फिरणारेही आपलेच, आणि सुट्टी मिळाली म्हणून गावाला जाणारेही आपलेच. अशा वेळी हे मत आले कुठून, ते मिळवायला किती वर्षे गेली, हे एकदा नीट सांगितले पाहिजे.

गोष्ट १९१९ सालापासून सुरू होते. बाबासाहेब तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. वय सत्तावीस. म्हणजे आज आपल्या वस्तीतली जी पोरं स्पर्धापरीक्षांचे अर्ज भरत असतात, त्यांच्याच वयाचे. इंग्रज सरकारने राज्यकारभारात सुधारणा करायचे ठरवले होते आणि कायदेमंडळासाठी मत कुणाला द्यायचे, हे पाहायला साउथबरो कमिटी नेमली होती. २७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी या कमिटीपुढे साक्ष दिली. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचीही साक्ष झाली.

बाबासाहेबांचे म्हणणे अगदी व्यवहारातले होते. मताला मालमत्तेची अट घातली, तर अस्पृश्याला मत कधीच मिळणार नाही. कारण त्याला मालमत्ता करूच दिली जात नाही. त्याने दुकान टाकले तर गिऱ्हाईक येत नाही, जमीन घ्यायची तर कुणी विकत नाही. मग त्याच्या गरिबीला जी माणसं कारण, त्यांनीच गरिबीकडे बोट दाखवून त्याचे मत नाकारायचे, हा कुठला न्याय? म्हणून अस्पृश्यांसाठी मताची अट खाली आणा आणि लोकसंख्येच्या मानाने त्यांचे प्रतिनिधी घ्या, अशी मागणी त्यांनी केली.

तेव्हा त्यांच्या मागे मोठा पक्ष नव्हता, पैसा नव्हता, मोर्चा नव्हता. होता तो अभ्यास. आकडे गोळा केलेले, मुद्दे क्रमाने मांडलेले, लेखी निवेदन तयार केलेले. एवढे करूनही हाती काय आले? नव्या कायद्याने शेतसारा, घरभाडे, प्राप्तिकर अशा अटी ठेवल्या आणि शंभर माणसांत जेमतेम दोन-तीन जणांना मत मिळाले. आपल्या लोकांच्या वाट्याला सरकारने नेमलेल्या प्रतिनिधीची जागा तेवढी आली. दुसरा कुणी असता तर निराश होऊन नोकरीत रमला असता. बाबासाहेबांनी पुढच्याच वर्षी, ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले.

लंडनचा अभ्यास पुरा करून ते १९२३ साली परतले. १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ मध्ये सभेने सोलापूरला वसतिगृह काढले. १९२६ च्या अखेरीस सरकारने त्यांना आणि डॉ. पुरुषोत्तम सोळंकी यांना मुंबई कायदेमंडळावर नेमले. याच सुमारास महाडचा लढा उभा राहिला. या लढ्याकडे आम्ही आज जरा वेगळ्या बाजूने बघू या. चवदार तळ्याचे पाणी सगळ्यांना माहीत आहे. पण त्या पाण्यापर्यंत जाणारी वाट कागदावरून कशी गेली, हे तरुणांनी समजून घेण्यासारखे आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव आणला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सार्वजनिक खर्चाने चालणारी पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांसारखी ठिकाणे अस्पृश्यांना खुली करावीत, असा तो ठराव. पुढे महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कायदा झाला, ठराव झाला, कागदावर सगळे झाले. पण तळ्यावर एकही माणूस गेला नाही. जाणार कसा? मार कोण खाणार?

मग पुढे आली ती तरुण पोरं. दासगावकडचे रामचंद्र बाबाजी मोरे हे तेव्हा विशी-पंचविशीतले. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी खेड्यापाड्यांतून पायी फिरून परिषदेची तयारी केली, वर्गणी जमवली, बाबासाहेबांना बोलावून आणले. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे असे सवर्ण समाजातले सज्जनही बरोबर होते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी हजारो माणसे रांगेने तळ्यावर गेली. त्यानंतर देवळात घुसणार अशी अफवा उठवून आपल्या लोकांवर हल्ले झाले. पोरांची डोकी भडकली होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. उलट हात उचलू दिला नाही.

चार महिन्यांनी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळे आमच्या मालकीचे, असे सांगत काही मंडळी कोर्टात गेली आणि डिसेंबरात मनाई हुकूम मिळाला. डिसेंबर १९२७ च्या अखेरीस पुन्हा परिषद भरली. मनुस्मृतीचे दहन झाले ते याच परिषदेत. सत्याग्रहाला किती जण तयार आहेत, याची नावे घेतली गेली. लोक जिवावर उदार होऊन आले होते. तरी दोन्ही बाजूंनी चर्चा झाली आणि कोर्टाचा हुकूम असेपर्यंत सत्याग्रह तहकूब ठेवावा, असे सर्वांनी मिळून ठरवले. दावा पुढे चालला, तो किती? १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला, तेव्हा पाणी प्यायल्याला दहा वर्षे होत आली होती.

दहा वर्षे तारखा! आजच्या मुलांना एका दाखल्यासाठी तहसील कचेरीत तीन खेपा झाल्या, की सगळी व्यवस्था नासकी वाटायला लागते. राग येणे बरोबर आहे. पण बाबासाहेबांचा राग दहा वर्षे विझला नाही आणि त्यांनी फाईलही सोडली नाही. हा गुण आपण उचलला पाहिजे.

आता पुन्हा मताकडे येऊ. १९२८ साली सायमन कमिशन आले. बहिष्कृत हितकारिणी सभेने त्याला निवेदन दिले, बाबासाहेबांची पुण्यात २३ ऑक्टोबरला साक्षही झाली. साउथबरो कमिटीपुढे त्यांनी मताची अट खाली आणायला सांगितले होते. आता त्यांनी अटच काढून टाकायला सांगितले. प्रत्येक प्रौढ स्त्रीला आणि प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत हवे. त्याच साली नेहरू अहवालानेही प्रौढ मतदानाची शिफारस केली होती, हेही सांगितले पाहिजे. पण अडाणी माणसाला मत कशाला, असे म्हणणारे शहाणे तेव्हा देशात पुष्कळ होते. बाबासाहेबांचे उत्तर असे होते, की अक्षर न येणे वेगळे आणि अक्कल नसणे वेगळे. शेतावर राबणाऱ्याला आपले हित कशात आहे ते कळते. आणि मत देता देताच माणूस राजकारण शिकतो, पोहायला पाण्यात उतरल्याशिवाय जसे येत नाही तसे.

गोलमेज परिषदेतही त्यांनी हाच आग्रह धरला. १९३२ साली मताधिकाराचा विचार करणाऱ्या लोथियन कमिटीवर ते स्वतः सभासद होते. एवढ्या मोठ्या देशात सगळ्यांना मत देणे आज जमणार नाही, असे त्या कमिटीने ठरवले. बाबासाहेबांनी आपले वेगळे टिपण जोडले. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. त्याची कहाणी मोठी आहे आणि तिच्यावर स्वतंत्र लेखच हवा. इथे एवढेच, की स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि राखीव जागा आल्या.

१९३५ च्या कायद्याने मतदार वाढले, तरी शंभर माणसांत चौदा-पंधराच. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाने मुंबई इलाख्यात सतरा जागा लढवल्या आणि त्यातल्या बहुतेक जिंकल्या. नाशिकहून कर्मवीर दादासाहेब गायकवाड निवडून आले. आता बाबासाहेब लोकांनी पाठवलेले प्रतिनिधी म्हणून कायदेमंडळात बसले. निवडून येताच त्यांनी कोकणातल्या कुळांच्या मानेवर बसलेली खोती नष्ट करण्याचे बिल मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर आला. त्यात कुणबी होते, महार होते, सगळ्या जातींचे कष्टकरी होते. आत बिल आणि बाहेर मोर्चा, अशी ही जोडी. नुसता मोर्चा काढून घरी गेले तर कागद हलत नाही, आणि नुसते आत बोलत बसले तर ऐकतो कोण?

स्वातंत्र्य आले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. राज्यघटनेचे ३२६ वे कलम प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत देते. तेव्हा वय एकवीस होते. १९८९ पासून ते अठरा झाले. मालमत्ता नको, शिक्षण नको, जात नको, धर्म नको, स्त्री-पुरुष भेद नको. १९१९ साली कमिटीपुढे बसलेल्या सत्तावीस वर्षांच्या प्राध्यापकाची मागणी एकतीस वर्षांनी अमलात आली. घटना अनेकांनी मिळून केली आणि प्रौढ मतदानाला घटना समितीतल्या पुष्कळांचा पाठिंबा होता, हे खरेच. पण इतकी वर्षे सतत ही मागणी धरून बसलेली माणसे त्यात थोडी होती.

आणखी एक बारीक गोष्ट बघा. जून १९४९ मध्ये निवडणूक आयोगाचे कलम घटना समितीत आले. निवडणुका प्रांतांच्या हाती न ठेवता सबंध देशासाठी एकच आयोग का हवा, हे बाबासाहेबांनी समजावून सांगितले. काही प्रांतांत वेगळ्या वंशाची, वेगळ्या भाषेची माणसे मतदार यादीतून वगळली जात असल्याच्या तक्रारी त्यांच्यापर्यंत आल्या होत्या. मत दिले आणि यादीत नावच घातले नाही, तर मत दिले काय आणि न दिले काय! यादी हा प्रकार त्यांनी किती गांभीर्याने घेतला होता, हे यावरून ध्यानात येते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी शेवटचे मोठे भाषण केले. त्यात त्यांनी भगवान बुद्धाच्या भिक्षुसंघाची आठवण काढली. संघात बसण्याचे नियम होते, ठराव मांडण्याची रीत होती, गणपूर्ती होती, मते मोजण्याची पद्धत होती. मतासाठी शलाका, म्हणजे लाकडी कांड्या, वापरत. लोकशाहीची ही रीत या भूमीला नवखी नाही आणि ती एकदा आपण गमावली आहे, तशी पुन्हा गमावू नये, हे त्यांना सांगायचे होते. एक माणूस एक मत हे राजकारणात आले, पण समाजात आणि पोटापाण्यात विषमता तशीच राहिली, तर विषमतेने गांजलेले लोकच एक दिवस ही इमारत पाडतील, असा इशारा त्यांनी दिला. राजकारणात भक्ती आली की तिची अखेर हुकूमशाहीत होते, असेही बजावले. ज्या माणसाच्या प्रतिमेपुढे आम्ही मेणबत्त्या लावतो, त्यानेच हे सांगून ठेवले आहे. आमच्या तरुणांनी ते दोनदा वाचावे.

मग आली पहिली सार्वत्रिक निवडणूक, १९५१-५२ ची. सतरा कोटींहून अधिक मतदार. त्यातले बहुसंख्य निरक्षर, म्हणून प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी. उत्तरेकडे लाखो बायकांनी यादीत स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. अशी सुमारे अठ्ठावीस लाख नावे यादीतून गळाली. आपल्या विहारातल्या माता-भगिनींनी हा आकडा लक्षात ठेवावा.

या निवडणुकीत बाबासाहेब स्वतः उत्तर मुंबईतून उभे होते. ज्यांनी सर्वांना मत मिळावे म्हणून उभे आयुष्य वेचले, ते त्या मतदानात पडले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी निवडून आले. पुढे १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही अपयश आले. आपल्या घराघरांत या पराभवाची हळहळ अजून आहे. पण बाबासाहेबांनी काय केले ते पाहू. मतमोजणीबद्दल तक्रार होती, ती त्यांनी आणि अशोक मेहता यांनी रीतसर निवडणूक अर्ज करून न्यायाधिकरणापुढे मांडली. अर्ज फेटाळला गेला. त्यांनी तो निर्णय मानला आणि राज्यसभेत जाऊन पुन्हा कामाला लागले. लोकांनी मला पाडले, म्हणून लोकांना मतच नको, असे त्यांच्या तोंडून आले नाही.

२२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात वकिलांपुढे बोलताना त्यांनी लोकशाही टिकायला काय काय लागते, ते मांडले. समाजात फार मोठी विषमता नको. सरकारला जाब विचारणारा विरोधी पक्ष हवा. कायद्यापुढे आणि कारभारात सगळे सारखे हवेत. बहुमताची अल्पमतावर दडपशाही नको. आणि दुसऱ्यावर अन्याय झाला, तरी उठून उभे राहणारे सार्वजनिक मन हवे. शेवटचा मुद्दा आम्हांला सगळ्यांत अवघड वाटतो. आपल्या वस्तीचे पाणी बंद झाले तर आपण हंडे घेऊन जातो. शेजारच्या पाड्याचे बंद झाले तर?

तरुणांना हे शिकवावे लागते, आपोआप येत नाही, हे बाबासाहेब जाणून होते. १९२७ साली समता सैनिक दल उभे केले ते तरुणांना शिस्त लागावी म्हणून. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तिथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे आणि बाबासाहेब तिच्यापुढे येऊन बोलत. देशाचा कायदेमंत्री पोरांच्या संसदेपुढे उभा राहतो, यात सगळे आले.

आणि शेवटचे वर्ष, १९५६. मधुमेहाने शरीर पोखरले होते, दृष्टी मंदावली होती, धम्मग्रंथाचे लिखाण चालू होते, दीक्षेची तयारी चालू होती. अशा वेळी त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण शाळा काढली. पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थी होते. कायदेमंडळात जायचे तर कायदा, अर्थकारण, राज्यशास्त्र शिकावे लागते, बोलायला शिकावे लागते, असा त्यामागचा विचार. १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर ती शाळाही बंद पडली.

१९१९ ते १९५६, सदतीस वर्षे झाली. त्यांतली पहिली एकतीस मत मिळवण्यात गेली आणि उरलेली ते वापरायला शिकवण्यात. विहारे वाढली, पुतळे उभे राहिले, जयंतीची वर्गणी लाखांत गेली. ती पंधरा जणांची शाळा मात्र प्रत्येक वस्तीत निघायला हवी होती, असे आम्हांला मनापासून वाटते.

ती काढायला इमारत लागत नाही. विहार आहे, सतरंज्या आहेत, पोर्णिमेला माणसे जमतातच. तरुण बंधू-भगिनींनो, वंदना झाल्यावर एक तास बसा. सभेचा अध्यक्ष आळीपाळीने करा, एकदा मुलगा तर एकदा मुलगी. ठराव कसा मांडतात, सूचक कोण, अनुमोदक कोण, इतिवृत्त कसे लिहितात, विरोधी मत कसे ऐकून घेतात, ते शिका. विहाराचा जमाखर्च वाचून दाखवायला कार्यकारिणीला सांगा. आम्ही वडीलधाऱ्यांनी त्याचा राग मानू नये. घरातच जाब विचारायला जो शिकला नाही, तो नगरसेवकाला काय विचारणार?

दुसरे काम यादीचे. अठरा पुरी झाली की नाव घालायचे. आता वर्षातून चार अर्हता तारखा आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीख, आणि सतरा पुरी झालेल्याला आगाऊ अर्ज करता येतो. अर्जाचा नमुना सहा नंबरचा. वस्तीत घरोघर जाऊन कोणाचे नाव आहे, कोणाचे गळाले, लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव चढले का, हे बघणे म्हणजे काही मोठी क्रांती नव्हे. पण १९४९ साली बाबासाहेबांना ज्याची काळजी होती, तेच हे काम आहे.

तिसरे काम मत दिल्यानंतरचे. ग्रामसभेला जा, प्रश्न लेखी द्या, पोचपावती घ्या. माहितीचा अधिकार २००५ साली आला आहे. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर आले नाही तर अपील आहे. गटाराचे, रस्त्याचे, शिष्यवृत्तीचे पैसे कुठे गेले, ते विचारा. महाडच्या तळ्याचा ठराव काही वर्षे कागदावर पडून होता. माणसे चालत गेली तेव्हा तो ठराव जिवंत झाला. आपल्या गावात असे कितीतरी ठराव पडून असतील.

आणि निवडणुकीच्या आदल्या रात्री कुणी पाकीट घेऊन दाराशी आले, तर पंचशीलातले दुसरे शील आठवा. ते घेणारा आपल्या पोरांची पुढची पाच वर्षे देऊन टाकतो.

येत्या पोर्णिमेपासून विहारात अशी बैठक सुरू करण्याचे आम्ही ठरवले आहे. पंधरा जण आले तरी पुरेत. पहिल्या तुकडीत तेवढेच होते.

जय भीम! नमो बुद्धाय!